थांबा, भाव उतरेल

९ सप्टेंबर, मंगळवार

मार्चपासूनची पानं कोरी आहेत. कारण विचारशील तर सांगण्यासारखं काही नाही. आळस, आणि आपल्या आयुष्यात लिहिण्याजोगं काही घडत नाही ही समजूत. कोरी पानं फाडून टाकावीत आणि आजपासून नवी सुरुवात केल्यासारखं दाखवावं असं मनात आलं होतं. पण ते स्वतःशीच खोटं बोलणं झालं असतं. पानं तशीच ठेवली आहेत. माफ कर आणि पुढे चल.

आज लिहायला बसलो ते ताईमुळे. चार वर्षांपूर्वी दाजींची बदली झाली आणि दोघं समुद्रापलीकडे गेले. तेव्हापासून दर रविवारी फोन होतो, पण ताईने मला कधी बोलावलं नव्हतं. "सावकाश ये, घाई नाही," हेच ती म्हणायची. या रविवारी मात्र मी जेवणखाण, हवापाणी विचारत असताना मध्येच म्हणाली, "ये ना रे एकदा. कधी येतोस?"

मागून दाजींचा आवाज आला, "अगं, स्पीकरवर टाक ना, मलाही ऐकू दे." मग तिघांचं बोलणं झालं आणि विषय बदलला.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, हे बोलता बोलता कळलं. जिन्यावरून पाय घसरला म्हणाली.

रात्रीची भांडी आवरताना बायकोला हे सांगितलं.

"जिना?" ती म्हणाली. "त्यांच्याकडे लिफ्ट आहे ना? व्हिडिओवर नवीन घर दाखवलं तेव्हा लिफ्टमध्येच पाच मिनिटं घालवली होती दाजींनी. आरसा काय, दिवे काय."

"लिफ्ट बंद असेल एखाद दिवस."

"असेल," ती म्हणाली, आणि पातेलं जरा जोरात ठेवलं.

जायचं ठरवलं आहे. मी एकटाच. तिला एवढी सुट्टी मिळणार नाही. आता तिकीट शोधायचं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तिकिटांच्या तीन साइट्स समोर ठेवून बसलो. नावं एकमेकांत मिसळतात, म्हणून टोपणनावं दिली आहेत. एकीच्या कोपऱ्यात ससा आहे, तो ससा. दुसरी निळी. तिसरी नुसतं तिकीट दाखवून थांबत नाही, भाव चढणार की उतरणार तेही सांगते, म्हणून तो भविष्यवाला.

माझं काम गोळ्यांच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या विभागात. एका गोळीवरून अख्खी बॅच वाईट ठरवायची नाही, हा आमचा पहिला धडा. तीन ठिकाणांहून नमुने घ्यायचे आणि तिन्हींचं बोट एकाच बाजूला वळलं तरच बॅच अडवायची. हीच पद्धत इथे लावली. तीच तारीख, तीच वेळ, तीन साइट्स.

निळी बोलायला गोड आहे. पहिल्या पानावर भाव सगळ्यात कमी. मग बॅगेचे वेगळे, खिडकीचे वेगळे, कार्डाने भरले तर त्याचे वेगळे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ससा खरंच स्वस्त, पण तो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं एकमेकांना शिवतो. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं आपलं नाही, आणि तक्रार ऐकायला कोणी नाही. भविष्यवाल्याने हिरव्या चौकटीत लिहिलं : थांबा, भाव उतरेल.

आमच्या विभागातल्या सूक्ष्मजीववाल्या बाई छातीठोकपणे सांगतात की आपण तेच तिकीट पुन्हा पुन्हा बघितलं की या लोकांना कळतं आणि ते भाव वाढवतात. मी घरच्या संगणकावर, बायकोच्या फोनवर आणि घरी आणलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एकाच मिनिटाला बघितलं. भाव सारखाच. बघितल्याने काही बदलत नाही. उद्या बाईंना सांगायला हवं, पण त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने.

बायको मागून वाकून म्हणाली, "बुटाच्या नाड्या घेतानाही असंच केलं होतंस. तिसऱ्या दुकानातून परत पहिल्यात."

"पण टिकल्या ना नाड्या?"

"टिकल्या. बूट गेले."

१५ सप्टेंबर, सोमवार

संध्याकाळी दाजींचा फोन आला. मी येतोय याचा त्यांना केवढा आनंद झाला! म्हणाले, "तुझ्या एकट्याच्या डोक्याला ताप कशाला? मीही लक्ष ठेवतो ना भावावर. इथे बसल्या बसल्या तेवढंच काम."

भविष्यवाल्याकडे सोय आहे. आपलं पान दुसऱ्याला उघडून देता येतं. आपण निवडलेल्या तारखा त्यालाही दिसतात, भाव हलला की दोघांना कळतं. मी लगेच दाजींना जोडून घेतलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात आता दोन छोटे गोल आहेत, एक माझा आणि एक त्यांचा. त्यांनी पान उघडलेलं असलं की त्यांचा गोल हिरवा होतो.

बायकोला हे आवडलं नाही. "त्यांना कशाला घातलंस त्यात?"

"चार डोळे दोनापेक्षा बरे."

"कुणाचे, ते बघायला नको?"

दाजींबद्दल ती कधीच मोकळेपणाने बोलत नाही. मला ते खटकतं. बाबा शेवटचे अंथरुणावर होते तेव्हा त्यांना कूस बदलवणं, पुसणं, भरवणं, सगळं दाजींनी केलं. कपाळावर एक आठी नाही. रक्ताचं नातं असलेल्यांना जमत नाही ते या माणसाने केलं, हे मी विसरू शकत नाही. बायकोला तसं म्हणालो.

"मी कुठे नाही म्हणते," ती म्हणाली. "बाबा त्यांना उलट बोलू शकत नव्हते, एवढंच."

हे अन्यायाचं बोलणं आहे. लिहून ठेवतोय, कारण बोलली ते बोलली.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी ४ ऑक्टोबरची तारीख पानावर निवडून ठेवली. तीन साइट्सपैकी दोन ठिकाणी भाव बरा होता. दुपारी दाजींचा निरोप : त्या आठवड्यात घराला रंग लागतोय, सामान सगळं मधल्या खोलीत, तुला टेकायलाही जागा नसेल, आठ दिवसांनी ये. शिवाय भाव उतरणारच आहे, बघ ना तो काय म्हणतोय.

खरंच, भविष्यवाला हिरव्या चौकटीत तेच म्हणत होता.

तारीख काढून टाकली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज ताईशी बोलणं झालं नाही. ती झोपली होती. तिचा फोनही बिघडलाय, यापुढे माझ्याच फोनवर करत जा, असं दाजी म्हणाले. तिने रोपवाटिकेतली नोकरी सोडली हेही त्यांच्याकडूनच कळलं. हाताने जमत नव्हतं म्हणे.

मला आश्चर्य वाटलं. ताईला मातीत हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. शाळेत असताना ती खिडकीत फुटक्या कपांमधून रोपं वाढवायची आणि प्रत्येकाला आमच्या एकेका नातेवाइकाचं नाव द्यायची. माझ्या नावाचं रोप वाकडं वाढलं होतं. "तूच पाणी प्यायला कंटाळतोस," असं मला ऐकवायची. पण मोडलेल्या हाताने कुंड्या उचलणार तरी कशा? दाजींचं बरोबरच आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

१२ ऑक्टोबर निवडली. अर्ध्या तासात दाजींचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातले पाहुणे नेमके तेव्हाच राहायला येणार आहेत.

मग १९ बघितली. निवडली नाही, नुसती उघडून भाव बघितला. वरचा गोल हिरवा झाला. संध्याकाळी निरोप : १९ च्या सुमारास ताईला तपासणीला न्यायचंय, धावपळ असेल.

भाव मात्र थोडा उतरला आहे. या धंद्यात धीर धरणाऱ्याचं भलं होतं हे खरं.

बायको मोटार चालवायला शिकवते. जेवताना तिने आज मलाच धडा दिला. "माझ्याकडे एक बाई येतात. वळण आलं की आरशात बघतात, पुन्हा बघतात, तिसऱ्यांदा बघतात. तोवर वळण मागे पडतं. पाठ तिन्ही वेळा बरोबर, गाडी मात्र सरळ पुढे."

"टोमणा कळला."

"कळला ना? मग वळ."

तिला म्हणालो, दोनदा अडचण आली म्हणजे काही तरी आहे असं होत नाही. रंग लागतो, पाहुणे येतात. ती म्हणाली, "तीन." मी म्हणालो, तिसरी तारीख मी निवडलीच नव्हती, त्यामुळे ती मोजता येणार नाही. तिने उठून हात धुतले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

हे जसंच्या तसं लिहायला हवं, कारण नंतर माझं मन त्यात भर घालेल.

सुट्टी असूनही एका बॅचसाठी कामावर बोलावलं होतं. दुपारी प्रयोगशाळेत असताना अनोळखी, परदेशी नंबर आला. ताई होती.

"मी बोलतेय. नीट ऐक, वेळ नाही. शेजारणीच्या स्वयंपाकघरातून बोलतेय."

"तुझा फोन—"

"फोनचं सोड. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने घेतली का ती नवी गाडी शिकवायला? मागच्या महिन्यात म्हणत होती." हे सगळं एका दमात. मग, "तू तिकीट का काढत नाहीस रे?"

"भाव उतरतोय. अजून आठ दिवस—"

ती हसली. तिचंच हसणं, नाकातून आधी फुस्स होणारं. "अरे कंजूस माणसा, महाग असलं तर महाग घे. निम्मे मी देते. नाही, सगळे देते. तू ये फक्त. आणि यांना सांगू नकोस. तारीख नको, वेळ नको, काही नको. सरळ दारात येऊन उभा राहा."

"सरप्राइज?"

मागे नळ चालू होता.

"हो," ती म्हणाली. "सरप्राइज. आणि या नंबरवर उलट फोन करू नकोस. ही बिचारी चांगली आहे, तिला त्रास नको."

"ताई, सगळं ठीक आहे ना?"

"तू आलास की बोलू. सोमवारी हे सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. कुठल्याही सोमवारी ये." आणि फोन बंद.

मी परत बाकावर बसलो तर हातातली परीक्षानळी तशीच होती. नमुना वाया गेला, पुन्हा घ्यावा लागला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उभी होती, खुर्चीत बसली. "आजच काढ," म्हणाली. "आत्ता."

माझ्या मनात तेव्हा एक विचार आला. लिहू की नको असं झालंय. दाजी ताईला मारत असतील. लिहिलं. लिहिल्यावर वाचवत नाही. ज्या माणसाने माझ्या बापाचं मलमूत्र काढलं त्याच्याबद्दल एका फोनवरून मी हे लिहिलं. एका नमुन्यावरून.

५ ऑक्टोबर, रविवार

तिकीट काढलं. बायको मागे उभी राहिली आणि मी ससा, निळी, भविष्यवाला कोणालाच न विचारता थेट विमान कंपनीच्या साइटवरून घेतलं. येत्या शनिवारचं, सगळ्यात महाग. रविवारी संध्याकाळी तिथे पोचेन, रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात, सोमवारी सकाळी ताईकडे. आमच्या सामायिक पानावर यातलं काही टाकलं नाही. "नाहीच टाकायचं," बायको म्हणाली. तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

आजच्या रविवारच्या फोनवर ताई दोन मिनिटं आली. "बरी आहे. थकवा आहे जरा." गुरुवारबद्दल एक अक्षर नाही. मीही बोललो नाही. मला हे नाटक जमत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

दाजींचा फोन, मी कामावरून निघत असताना. गेटजवळच्या बाकावर बसून बोललो.

"अरे, सगळ्या तारखा काढून टाकल्यास का पानावरून? बेत रद्द की काय?"

"नाही, नाही. अजून काही ठरलं नाही."

हे मी म्हणालो. किती सहज म्हणालो! आयुष्यात दाजींशी पहिल्यांदा खोटं बोललो.

मग त्यांचा आवाज बदलला. "तुला एक सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता. तुझी ताई बरी नाही. हाताचं नाही म्हणत. तिला भास होतात. विसरते. कोणाच्याही घरी जाऊन काहीही सांगते. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी वाद घालू नका, फक्त माणसांची गर्दी नको. म्हणून मी तुला थोपवत होतो. रंग, पाहुणे... खोटंच बोललो रे तुझ्याशी. माफ कर." बोलता बोलता ते रडायला लागले. मोठा माणूस फोनवर रडतो तेव्हा काय बोलायचं असतं?

"तिने तुला फोन केला होता का मध्ये?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दुसरं खोटं. ते लपवायला काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या शेजारी कोण राहतं हो? माणसं चांगली आहेत ना? म्हणजे ताईला सोबत?"

त्यांचं रडणं थांबलं.

"का रे?"

"सहज."

"आहे एक बाई," ते म्हणाले. "चांगली आहे." मग नेहमीच्या आवाजात, "तू यायचं ठरलं की मला नक्की कळव. मी स्वतः घ्यायला येईन विमानतळावर. तिला एकदम धक्का बसता कामा नये, एवढंच."

७ ऑक्टोबर, मंगळवार

झोप लागली नाही, कामावर दोन आकडे उलटे लिहिले. असं कधी होत नाही.

नीट विचार करायला हवा. एका बाजूला ताईचा फोन. दुसऱ्या बाजूला दाजींचं सांगणं, आणि ते सांगताना त्यांनी स्वतःचं खोटं स्वतःहून कबूल केलं. दोषी माणूस असं कशाला करेल? भास होत असतील तर जिन्यावरून पडणं खरं असू शकतं, भासही असू शकतो. ती विसरते म्हणतात. पण गुडघा विचारला, नवी गाडी विचारली. वाचलंय मी, अशा आजारात जुनं पक्कं लक्षात राहतं. गाडीचं मात्र मागच्या महिन्यातलं होतं.

बायकोला दाजींचं सगळं बोलणं सांगितलं. शेजारणीबद्दल विचारलं हेही सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"तू विचारलंस? त्यांना? अरे, तिने सांगितलं होतं ना बाईला त्रास नको म्हणून?"

"नाव कुठे घेतलं मी? सहज विचारलं."

"तुझं सहज!" ती म्हणाली. "ऐक. ताई वेडी झाली असेल तरी तू सोमवारी जाणार. वेडी झाली नसेल तरी सोमवारी जाणार. शनिवारपर्यंत तोंड उघडू नकोस. एवढं एकच माग तुझ्याकडे."

"माग" नाही, "मागणं" म्हणायचं होतं तिला. इतकी ती चिडली होती. मी आत्ता तरी काही सांगत नाही म्हणालो.

सूक्ष्मजीववाल्या बाईंनी आज विचारलं, मिळालं का स्वस्तात? मी म्हणालो, महागात मिळालं. त्यांना फार बरं वाटलं. "सांगत होते मी, बघू नका सारखं."

संध्याकाळी त्या परदेशी नंबरवरून एक फोन आला. उचलेपर्यंत बंद झाला. बायकोने बजावलं म्हणून, आणि ताईनेही सांगितलं होतं म्हणून, उलट केला नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

भविष्यवाल्याचा निरोप आला : भाव उतरला. आमच्याच शनिवारचं विमान, आता पुष्कळ स्वस्त. हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही गेलं. वर दाजींचा गोल हिरवा होता. सकाळी होता, जेवणाच्या सुट्टीत होता, आत्ताही आहे. बिचारे माझ्यासाठी भाव बघत बसले आहेत, आणि माझं तिकीट कपाटात.

बायको दोन दिवस प्रशिक्षकांच्या परीक्षेसाठी बाहेरगावी गेली. जाताना बॅग गाडीत टाकून परत दारात आली आणि म्हणाली, "तोंड." बोट ओठावर ठेवलं. मी मान हलवली.

मान हलवणं हे वचन होतं का? दिवसभर तेच डोक्यात आहे. मी "आत्ता तरी नाही" म्हणालो होतो, आणि ते काल होतं.

एक गोष्ट मला स्वतःशी लपवता येणार नाही. २ तारखेच्या पानावर मी एका माणसाबद्दल जे लिहिलं आहे, ते पुरावा नसताना लिहिलं आहे. त्यानंतर त्याच्याशी दोनदा खोटं बोललो. तो रडत असताना बोललो. ताई आजारी असेल आणि मी अवचित दारात उभा राहून तिला धक्का दिला, तर त्याचा दोष कोणाचा? आणि आजारी नसेल तर कळवल्याने काय बिघडणार आहे? दोन्हीकडून विचार केला तरी उत्तर एकच येतं. इतकं सरळ आहे, आणि तरी जिवाला का लागून राहिलंय कळत नाही.

मघाशी दाजींचा निरोप आला. ताईला काही दिवस शहराबाहेर, शांत जागी न्यायचा विचार आहे, तुझं नक्की झालं तर आम्ही थांबतो, नाहीतर रविवारी निघतो. म्हणजे न सांगता गेलो तर सोमवारी बंद दार. हे निमित्त मिळालं म्हणून हलकं वाटलं हेही खरं आहे, आणि हलकं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

ठरलं. मन स्वच्छ असलं की माणसाला झोप लागते.

उद्या : कामावर जाण्याआधी दाजींना फोन करून विमानाची वेळ सांगणे.